चिपळूणच्या पुरात भिजलेल्या पलंगाचं काय केलं

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. बाजारपेठेच्या बाजूला असलेल्या एका कौलारू घरात, माजघराच्या खिडकीखाली, आजोबांच्या काळातला एक पलंग होता. चार कातीव पाय, मच्छरदाणीच्या दांड्यांसाठी कोपऱ्यांत भोकं, उशाकडच्या फळीवर मधोमध कोरलेलं कमळ. पाणी पलंगाच्या वरून गेलं. घरची माणसं माळ्यावर चढली होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर सगळ्या शहरात जे दिसत होतं तेच इथंही होतं: प्लायवूडची कपाटं फुगलेली, गाद्या चिखलानं उचलवेनात, रस्त्याच्या कडेला सामानाचे ढीग. पलंगही त्याच ढिगावर जायचा, पण घरातल्या थोरल्या काकूंनी तो जाऊ दिला नाही. या घरातल्या दोन पिढ्या त्या पलंगावर जन्मल्या होत्या आणि आजी त्याच्यावरच गेल्या होत्या.

तीन वर्षांनी ती लाकडं त्यांच्या पुतण्यानं टेम्पोत घालून माझ्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये आणली. मागणी साधी वाटत होती: सगळ्यांना यातलं काहीतरी करून द्या. सगळे म्हणजे चिपळूणचे थोरले काका-काकू, धाकटे काका, सांगलीला दिलेली आत्या आणि पुढच्या पिढीतली चौघं. त्यांच्यातली एक मेलबर्नला, एक न्यू जर्सीला.

असं काम आलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो: हा पलंग पलंग म्हणून राहू शकतो का? राहू शकत असेल तर त्याला करवत लावू नये. दहा आठवणवस्तूंपेक्षा एक उभा पलंग मोठा, असं माझं ठाम मत आहे, आणि नुसता सांधे निखळले म्हणून फोडायला आलेला पलंग मी दुरुस्त करून परत पाठवतो. इथं तसं होण्यासारखं नव्हतं. चारातला एक पाय उभा चिरला होता. एका बाजूची लांब पट्टी पूर्वी कधीतरी पलंग खोलीबाहेर काढताना कापली होती आणि लोखंडी पट्ट्या मारून जोडली होती. तळाच्या फळ्या हातानं चुरत होत्या. घर पाडून उंच जोत्यावर नवं बांधायचं ठरलं होतं आणि साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद पलंग कोणाच्याच फ्लॅटमध्ये मावणारा नव्हता. हे सगळं मी थोरल्या काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तोडायचाच असेल तर तोडा. पण मला बोलावू नका."

काकूंनी या लाकडासाठी काय केलं होतं ते इथं सविस्तर सांगायला हवं, कारण खरं काम तिथंच झालं होतं. पाणी ओसरलं तेव्हा पलंग बहुतेक आपोआप सुटा झाला होता. जुन्या कामात सांधे सरसानं चिकटवलेले असायचे. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला डिंक. पाण्यात राहिला की तो मऊ पडतो आणि सुटतो. त्यामुळे पुरानं सांधे मोडले नाहीत, उघडले. हल्लीच्या डिंकानं घट्ट बसवलेला पलंग असता तर ओढाताणीत लाकूडच फाटलं असतं. काकूंनी चिखल ओला असतानाच सगळे भाग स्वच्छ पाण्यानं आणि मऊ ब्रशानं धुतले. चिखल वाळून रेघांमध्ये बसला की त्यातली बारीक रेती पुढं रंध्याची धार खाते. मग भाग उन्हात न ठेवता मागच्या पडवीत ठेवले, एकावर एक, मध्ये रिपा घालून, म्हणजे चहूबाजूंनी वारा लागेल असे. उन्हात ठेवले असते तर वरचा थर झपाट्यानं सुकून आकसला असता, आतला ओलाच राहिला असता आणि फळ्या तडकल्या असत्या. त्यांना हे कोणी शिकवलं म्हणून विचारलं. "आमच्याकडे भिजलेली दारं अशीच सुकवतात," एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्याकडे आल्यावर आधी नुसती यादी केली. प्रत्येक भाग जमिनीवर पलंगाच्या मूळ जागी मांडला, खडूनं क्रमांक घातले, फोटो काढले. घरात अख्ख्या पलंगाचा एकही फोटो नव्हता. एका बारशाच्या फोटोत मागं अर्धा दिसत होता, त्यावरून आणि मापांवरून मी एक चित्र काढून ठेवलं. ते चित्र पुढं फार उपयोगी पडलं.

घरात सगळे 'अख्खा सागवानी पलंग' असं म्हणत आले होते. लाकूड पाहिलं तर तीन जातींचं निघालं. पाय शिसवाचे: काळपट जांभळे, हातात घेतले की वजन लगेच कळतं. लांब पट्ट्या आणि उशाकडची फळी सागवानाची. दिसणार नाही अशा जागी रंधा फिरवून एक छिलका काढला की सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास येतो, शंका उरत नाही. तळाच्या फळ्या मात्र आंब्याच्या. त्या काळी सुतार असंच करत: भार आणि शोभा जिथं तिथं चांगलं लाकूड, गादीखाली स्वस्त. आंब्याच्या फळ्या किड्यानं पोखरल्या होत्या, हलवल्या की मैद्यासारखा भुसा पडायचा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण सालीलगतचा फिकट भाग तिला चालतो, आणि एका पट्टीच्या कडेला बोटभर रुंद असा फिकट भाग होता. त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती.

मग मी लोहचुंबक घेऊन बसलो. जुन्या घरगुती लाकडात खिळे कुठं असतील याचा नेम नसतो. मच्छरदाणीचे आकडे, पाळण्याची दोरी बांधायला मारलेला खिळा, कोणी कधी टॉवेल टांगायला ठोकलेला. एक लपलेला खिळा यंत्राच्या पात्याचे दात घालवतो आणि उडाला तर डोळाही. काढता येतील ते काढले. ज्यांच्याभोवती लाकूड काळं पडलं होतं, ते डाग मात्र मी जपायचे ठरवले. लोखंड आणि लाकडातली आम्लं ओलाव्यात एकत्र आली की असा निळसर काळा डाग पडतो. तो आतपर्यंत जातो आणि घासून काढायचा म्हटलं तर निम्मं लाकूड जातं.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथं. जुनं लाकूड यंत्रावर घालून चारी बाजूंनी साफ रंधलं की आतून सुंदर सोनेरी साग निघतो. पण तो साग मग कुठलाही असू शकतो. लाकडाच्या वखारीतून आणलेल्या जुन्या तुळईत आणि आजीच्या पलंगाच्या पट्टीत काही फरक उरत नाही. फरक असतो तो वरच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये: पाय खाली सोडून बसायच्या जागी गुळगुळीत झालेली कड, आकड्याचं भोक, पटाशीचा मार. म्हणून मी वस्तू ठरवायच्या आधी खुणांची यादी करतो आणि करवत कुठं चालवायची ते त्या यादीवरून ठरवतो. कोणाला काय हवं हा विचार त्याच्यानंतर.

या पलंगावरच्या खुणांमध्ये एक मला पहिल्या दिवसापासून महत्त्वाची वाटली. पायांवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सगळीकडे सारखी जाणारी एक फिकट रेघ होती. २००५ च्या जुलैमध्येही चिपळूणला पूर आला होता, तेव्हा या घरात पाणी तेवढंच चढलं होतं. लाखेच्या पॉलिशवर पाणी राहिलं की ते पांढुरकं पडतं. रेघ त्याचीच होती. २०२१ चं पाणी पलंगावरून गेलं, त्यामुळे त्याची रेघ कुठंच नव्हती, फक्त सगळ्या पॉलिशवर धुरकट झाक होती. स्पिरिटचा बोळा फिरवला की अशी लाख पुन्हा विरघळून बसते आणि झाक जाते. मी ती घालवली. पण रेघेच्या जागी बोळा लावला नाही.

आता मागण्या. सगळ्यांना कमळ हवं होतं. कमळ एकच, तळहाताहून थोडं मोठं. पुतण्यानं सुचवलं की पाकळ्या वेगळ्या करून प्रत्येकाला एक देऊ, रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवात, बसवून. मी स्पष्ट नाही म्हणालो. रेझिनचं चांगलं काम मी पाहिलेलं आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. कोरीवकाम ही कोणाच्या तरी हातची एक पूर्ण गोष्ट असते आणि तिचे आठ तुकडे केले की आठ जणांना काहीच मिळत नाही. लेझरनं नावं कोरायच्या सूचनेलाही मी हेच उत्तर दिलं: ज्या लाकडावर आधीच एवढं लिहिलेलं आहे, त्याच्यावर आणखी काही छापायची गरज नाही. कमळ कोणाला जावं यावर घरात दोन आठवडे फोन चालले. शेवटी आत्यांनी सोडवलं. त्या म्हणाल्या, "मला पाट करून द्या. कमळ पाटावर येऊ दे. भाऊबीजेला दोघं भाऊ त्याच्यावर बसतील, म्हणजे ते तिघांचंही झालं."

पाट ही सूचना ऐकली आणि मला हायसं वाटलं. उशाकडची फळी जाड आणि सलग होती, तिच्यातून पाट निघत होता. कमळ मात्र बसायच्या जागी येऊन चाललं नसतं, झिजलं असतं आणि टोचलंही असतं. म्हणून ते समोरच्या उभ्या पट्टीत घेतलं, बसणाऱ्याच्या समोर ताट मांडायच्या बाजूला. खालचे आडवे पाय खिळे न मारता खाचेत सरकवून बसवले, म्हणजे सांगलीच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फळी रुंदीत थोडी कमीजास्त झाली तरी फाटणार नाही.

दोन मागण्यांना मी नकार दिला आणि त्यांची कारणं प्रत्येक घराला माहीत असावीत असं वाटतं. धाकट्या काकूंना शिसवी पायातून लाटणं हवं होतं. पुराचं पाणी म्हणजे गटारांचं, गॅरेजच्या तेलाचं, शेतातल्या औषधांचं पाणी. ते लाकडात कुठवर मुरलंय हे घरी बसून सांगता येत नाही. पोळी त्याच्यावर लाटू नये. दुसरी मागणी न्यू जर्सीच्या भाच्याच्या बाळासाठी खुळखुळ्याची. पायथ्याकडच्या पट्टीवर कोणीतरी कधीकाळी हिरवा ऑइलपेंट दिला होता. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावं हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धरून चालावं. असा रंग कोरडा घासायचा नाही, धूळ श्वासात जाते. आणि तोंडात घालायची वस्तू त्या लाकडाची करायचीच नाही. ती हिरवी पट्टी मी कोणत्याच वस्तूत वापरली नाही.

लाटण्याऐवजी धाकट्या काकूंसाठी चिरलेल्या पायाच्या चांगल्या भागातून कातकामाचा कुंकवाचा करंडा केला. पायाचा मूळ गोलवा, म्हणजे त्या जुन्या कातार्‍याच्या हातचे दोन वळसे, बाहेरून तसेच ठेवले आणि फक्त आतून पोकळ केला. शिसव कातताना गोडसर वास सुटतो आणि बारीक भुकटी उडते. काहींना तिची अ‍ॅलर्जी होते, तेव्हा मास्क हवाच.

परदेशात जायच्या वस्तूंनी वेगळा विचार करायला लावला. शिसव ज्या वंशातला आहे त्या डाल्बर्जियाच्या जवळपास सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार; या यादीतलं लाकूड देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. २०१९ मध्ये तयार वस्तूंना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत सवलत मिळाली, पण नुसता कापलेला ठोकळा ही तयार वस्तू नाही, आणि विमानतळावर लाकूड ओळखत बसायला कोणाला वेळ नसतो. सागावर असं बंधन नाही. म्हणून परदेशात फक्त सागवान पाठवायचं असं ठरवलं. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू उतरताना जाहीर कराव्या लागतात, आणि किड्याची भोकं दिसली तर वस्तू अडकते, धुरी दिली जाते किंवा नष्ट होते. त्यामुळे फिकट कडेची पट्टी मेलबर्नला जाणार नव्हती, भले तिच्यातली कीड मेलेली असो. ती आधी पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली होती. तेवढ्यात अळ्या आणि अंडी मरतात. तिच्यातून पुतण्याच्या पुण्यातल्या घरासाठी किल्ल्या अडकवायची पट्टी झाली, मच्छरदाणीच्या जुन्या आकड्यांसकट.

मेलबर्न आणि न्यू जर्सीला फोटोफ्रेमा गेल्या, बसून बसून गोल झालेल्या कडेच्या. ती कड फ्रेमच्या खालच्या बाजूला येईल आणि बोट आपसूक तिच्यावर फिरेल असं पाहिलं. सागाच्या अंगी तेल असतं, म्हणून डिंक लावायच्या आधी कापलेला भाग अ‍ॅसिटोननं पुसून लगेच जोडावा लागतो, नाहीतर सांधा काही महिन्यांत सुटतो. न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटर चालू असतो, हवा कोकणापेक्षा कितीतरी कोरडी. तिथं लाकूड आणखी आकसणार हे धरून कोपऱ्यांत पातळ पट्टी घालून सांधे पक्के केले आणि मागची फळी सैल ठेवली.

राहिले थोरले काका. त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. त्यांच्यासाठी काय करायचं ते मला पलंगाच्या एका कोपऱ्यानं सांगितलं. पायाच्या डोक्याशी दोन बाजूंनी दोन पट्ट्या येऊन घुसतात. पायात चौकोनी खाच, पट्टीच्या टोकाला तिच्यात बसणारं कुसू. दोन्ही पट्ट्यांची कुसवं पायाच्या पोटात एकमेकांना भिडू नयेत म्हणून एक थोडं वर, एक थोडं खाली घेतलेलं. खाचेच्या आत पटाशीचे मार अजून ताजे दिसत होते, आणि एका कुसावर सुताराची पेन्सिलीची खूण होती: दोन आडव्या रेघा. पायाच्या खाचेशी तशाच दोन रेघा. म्हणजे चार कोपऱ्यांचे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यानं केलेल्या खुणा. सरसाखाली झाकलेल्या या रेघा पलंग बसवला त्या दिवसानंतर कोणी पाहिल्या नव्हत्या.

हा सांधा मी कापला नाही आणि चिकटवलाही नाही. पाय पूर्ण ठेवला, पूररेघेसकट. दोन्ही पट्ट्यांचे फूट-फूट लांबीचे तुकडे त्याला तसेच जोडलेले ठेवले. काटकोन आयता तयार होता. त्याच्यावर तिकोनी फळी ठेवली आणि नव्या घरात काकांच्या खोलीच्या कोपऱ्यात ते बसेल असं केलं, उशाशी तांब्याभांडं ठेवायला. कुसवं सरसाशिवाय नुसती घट्ट बसतात. हातानं ओढली की बाहेर येतात.

काका मला बोलावू नका म्हणाले होते, पण वस्तू न्यायला तेच आले. त्यांना मी पट्टी ओढून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, रेघा पाहिल्या, पट्टी परत बसवली, पुन्हा काढली. मग पुतण्याला म्हणाले, "आमच्या वडिलांनी सुताराला दारात बसवून करून घेतला होता. हे त्याचं अक्षर." पुढचा तासभर ते त्या सुताराबद्दल बोलत होते. तो जेवायला कुठं बसायचा, त्याची मजुरी भातात कशी ठरली होती. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पुतण्यानं फोनवर रेकॉर्ड केलं, हे त्यानं फार चांगलं केलं.

प्रत्येक वस्तूबरोबर मी एक कागद दिला: पलंगाचं चित्र, त्यात ही वस्तू जिथून आली तो भाग रंगवलेला, लाकडाची जात, आणि कुठल्या खुणा मुद्दाम ठेवल्या आहेत ते. हा कागद नसेल तर वीस वर्षांनी कोणीतरी आकड्याचं भोक पुट्टी भरून बुजवेल आणि वर पॉलिश मारेल.

खर्चाबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. लाकूड तुमचं असलं तरी असं काम नव्या लाकडापेक्षा महाग पडतं. खिळे शोधणं, धुणं, मांडणी, फोनवरची बोलणी यांत जो वेळ जातो तो करवतीच्या वेळेच्या कितीतरी पट असतो. आणि लाकूड वाटतं तेवढं हाती लागत नाही. यंत्राचं पातं दर कापाला साधारण ३ मिलिमीटर खातं. एका पट्टीचे बारा तुकडे करा, ३३ मिलिमीटर नुसता भुसा. या पलंगातलं निम्म्याहून कमी लाकूड वस्तूंमध्ये आलं. आंब्याच्या फळ्या घरच्यांना विचारून टाकून दिल्या. त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं आणि ते स्पष्ट सांगणंही माझंच काम होतं.

दोन शिसवी पाय आणि कापलेल्या पट्टीचा एक लांब तुकडा अजून अखंड आहे. पुतण्याला त्यांचं छोटं टेबल हवंय. काकूंचं म्हणणं, नातवंडांपैकी कोणाचं घर होईल तेव्हा त्याला विचारून काय ते करू, तोवर हात लावायचा नाही. माझं मत काकूंच्या बाजूनं पडलं आणि मी ते पुतण्याला सांगितलं. पाय सध्या चिपळूणच्या नव्या घरात वरच्या मजल्यावर आहेत, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेले. प्लास्टिकमध्ये बांधू नका म्हणून सांगितलं होतं, कोकणातल्या पावसात आत घाम धरतो. दर गणपतीत एकदा उलगडून भुसा पडतोय का तेवढं बघायचं.